आधी संगणकाची पाठ पाहा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ‘एसएसडीचं केसिंग द्या’ असं म्हटलं की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, ‘साटा की एनव्हीएमई?’ बरेच जण इथेच अडखळतात. दुकानदार मग अंदाजाने एक पेटी पुढे करतो, थोडी घासाघीस होते आणि पेटी पिशवीत जाते. गिऱ्हाईक दादरचं असेल तर चुकीची पेटी दुसऱ्या दिवशी बदलता येते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिघीच्या माणसाला ती सोय नाही. परत मुंबई गाठायची म्हणजे फेरीबोटीने आगरदांडा, पुढे मुरूड, अलिबाग असा प्रवास, नाहीतर म्हसळा-माणगाववरून महामार्ग. ऑनलाइन मागवलं तरी परत पाठवण्याचा घोळ आहेच. म्हणून दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर या पट्ट्यात ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, त्यांनी केसिंगची खरेदी घरातून निघण्यापूर्वीच मनात पक्की केलेली बरी.

केसिंग म्हणजे रिकामी पेटी. तिच्यात आपण एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, बसवायची आणि यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडायची. आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो आणि त्यावर एक चिप. एसएसडीची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलणं हे त्या चिपचं काम. बाकी सगळं आवरण.

साटा आणि एनव्हीएमई या एसएसडीच्या संगणकाशी बोलण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. त्यांतली कोणती, या दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर एसएसडीच्या अंगावरच असतं. अडीच इंची, चपट्या डबीसारखी दिसणारी एसएसडी असेल तर ती जवळजवळ नेहमी साटा. च्युइंगगमच्या पट्टीएवढी, उघड्या चिप दिसणारी असेल तर ती एम.२ आकाराची, पण एम.२ हा नुसता आकार आहे. त्या आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा आणि एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. ‘बहुधा’ अशासाठी की दोन खाचांच्या काही एनव्हीएमईही बाजारात येऊन गेल्या आहेत. त्यामुळे शेवटचा शब्द लेबलाचा. लेबलावर २२८० असा आकडा असतो, त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. छोट्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी २२३० किंवा २२४२ असू शकते. ती बसवायची तर पेटीत त्या मापाला स्क्रूची जागा हवी.

साटाच्या केसिंगमध्ये एनव्हीएमई बसली तरी दिसत नाही आणि उलटही तसंच. दोन्ही चालवणारी केसिंगं मिळतात. त्यांत रिअलटेकची आरटीएल ९२१०बी ही चिप पुष्कळदा असते. हाताशी दोन-तीन वेगवेगळ्या जुन्या पट्ट्या असतील तर मी थोडे पैसे जास्त देऊन अशीच पेटी घ्यायला सांगेन.

हे झालं पेटीच्या आतल्या टोकाचं. खरी गडबड बाहेरच्या टोकाला आहे आणि तिला जबाबदार यूएसबीची नावं ठेवणारी मंडळी. २००८ साली यूएसबी ३.० आलं. पुढे त्याच वेगाला ३.१ जेन १ म्हणू लागले, त्यानंतर ३.२ जेन १. तिन्ही नावांचा अर्थ एकच, सेकंदाला ५ गिगाबिट. ३.२ जेन २ म्हणजे १० गिगाबिट. जेन २ बाय २ म्हणजे २०. यूएसबी ४ ची पहिली आवृत्ती चाळीसपर्यंत जाते. कागदावरचे हे आकडे गिगाबिटचे आहेत आणि आपल्या फाइल मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष हाती काय येतं ते पाहिलेलं बरं. जुन्या यूएसबी २.० वर सेकंदाला जेमतेम ४० एमबी, ५ गिगाबिटवर साधारण ४५०, १० गिगाबिटवर हजाराच्या आसपास.

आता हे आकडे एका लग्नाच्या व्हिडिओवर लावून पाहा. १०० जीबीचं चित्रीकरण यूएसबी २.० वरून उतरवायला चाळीस मिनिटांहून जास्त लागतात. ५ गिगाबिटवर चार मिनिटांच्या आत काम होतं, १० गिगाबिटवर दोन मिनिटांच्या आत. म्हणजे पहिली उडी प्रचंड आणि दुसरी बेताची. पण हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा डेटा ज्या डिस्कवरून येतो तीही तितकीच वेगवान असते. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा फिरणारी हार्ड डिस्क असते आणि ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या पुढे फारशी जात नाही. तिच्यावरून हेच १०० जीबी यायला चौदा-पंधरा मिनिटं लागणार, पेटीवर २० लिहिलेलं असो की ४०. दिघीच्या धक्क्यावर गाडी कितीही वेगात आणली तरी राजपुरीची खाडी ती फेरीबोटीच्याच वेगाने ओलांडते.

म्हणून केसिंग घेण्यापूर्वी संगणकाची पाठ पाहावी. कॅबिनेट वळवायचं आणि मागची यूएसबी भोकं बघायची. आतून काळी असतील तर बहुतेक २.० ची, निळी असतील तर बहुतेक ३.० ची. हिरवट-निळी किंवा लाल असतील तर कदाचित १० गिगाबिटची, पण रंगाचा नियम सगळे उत्पादक पाळत नाहीत. मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक शोधून उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहणं सगळ्यांत खात्रीचं. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. टाइप-सी हा फक्त आकार, त्याच्यामागे ५ गिगाबिटही असू शकतं. २०१४ साली हा आकार आला तेव्हा एक मोठा त्रास मात्र संपला, प्लग उलटासुलटा करून तीनदा घालायचा. यूएसबीच्या जन्मात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या अजय भट्ट यांचं पदवीपर्यंतचं शिक्षण बडोद्याचं. पहिल्या यूएसबीचा प्लग दोन्ही बाजूंनी चालणारा का केला नाही, हा प्रश्न त्यांना विचारला गेला आहे. त्यांचं उत्तर साधं होतं: तसं केलं असतं तर खर्च वाढला असता.

२० गिगाबिटच्या पेट्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नयेत. जेन २ बाय २ चं भोक फार थोड्या डेस्कटॉपना असतं. नसेल तिथे ती पेटी गुपचूप १० वर येते. गंमत म्हणजे यूएसबी ४ च्या पुष्कळशा महागड्या भोकांवरही ती १० च देते, कारण तिथे २ बाय २ चालवणं ऐच्छिक ठेवलं आहे. यूएसबी ४ ची पेटी घ्यायला हरकत नाही, पण संगणकात तसं भोक असेल तरच. नाहीतर ते पैसे एसएसडीची क्षमता वाढवण्यात घालावेत.

वायरीकडे कोणी बघत नाही. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी वायर पुष्कळदा फक्त यूएसबी २.० ची असते. ती जोडून ‘पेटी स्लो आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. केसिंगबरोबर आलेली आखूड वायर हीच वापरावी आणि तिच्यावर पेनने खूण करून ठेवावी. ती लांब करण्यासाठी एक्स्टेंशन लावू नये. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं भोक सोयीचं वाटतं, पण ते मदरबोर्डपर्यंत आतल्या एका लांब वायरीने पोचलेलं असतं आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर बेताचीच असते. एसएसडी मध्येच गायब होते, परत येते, असं होत असेल तर आधी मागच्या भोकात लावून पाहावं. यूएसबी ३.० चं चौकोनी भोक ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट देण्याला बांधील आहे. भरभर लिहिताना काही एनव्हीएमई त्याहून जास्त मागतात. साटा एसएसडी या बाबतीत गरीब, तिचं भागतं.

आणखी एक छोटी गोष्ट. एसएसडी जोडली की बिनतारी माउस अडखळायला लागतो, असा अनुभव आला तर व्हायरस शोधत बसू नका. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका लेखात दाखवून दिलं आहे. माउसचा रिसीव्हर पुढच्या भोकात आणि एसएसडी मागच्या भोकात लावली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

चिपबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही, विचारावं लागतं. जेमायक्रॉन, रिअलटेक आणि एएसमीडिया ही तीन नावं नेहमीची. नाव सांगितलेलं असणं हीच एक चांगली खूण. पेटी यूएएसपी पाळते का, ते पाहावं. जुन्या पद्धतीत संगणक एक मागणी करतो, ती पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मग दुसरी करतो. यूएएसपीमध्ये अनेक मागण्या एकाच वेळी पुढे जातात. हजारो छोट्या फाइल असतील, म्हणजे सेवा केंद्रातले स्कॅन केलेले दाखले किंवा स्टुडिओतले फोटो, तर फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट ट्रिम. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी ही आज्ञा आहे. ती पेटीतून आरपार जात नसेल तर वर्ष-दोन वर्षांनी लिहिण्याचा वेग मंदावतो.

आता दिघीचा स्वतःचा प्रश्न. समुद्र, उकाडा, जाणारी-येणारी लाईट.

एनव्हीएमई तापते. साधारण सत्तर ते ऐंशी अंशांच्या दरम्यान ती स्वतःच वेग कमी करते. खोलीचंच तापमान मे महिन्यात तेहतीस-चौतीस असेल तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून पेटी ॲल्युमिनियमची असावी आणि एसएसडी व पेटी यांच्यामध्ये मऊ थर्मल पॅड नीट बसलेला असावा. पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढायला विसरणारे कमी नाहीत. ती तशीच राहिली तर उष्णता बाहेर यायला अडथळा होतो. पेटी गरम लागते म्हणून घाबरू नये, उष्णता बाहेर येते आहे याचा तो पुरावा आहे. बाहेरून थंड आणि आतून तापलेली पेटी जास्त वाईट. पंखा असलेल्या पेट्या मिळतात, पण किनाऱ्यावर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि आपल्या हवेत मीठ असतं.

मिठाचा पहिला घाव बसतो तो जोडाच्या ठिकाणी. टाइप-सीच्या इवल्याशा भोकात २४ टोकं असतात. रोज वायर काढ-घाल करून त्यांचा मुलामा झिजतो आणि खारी, दमट हवा उरलेलं काम करते. इथेच केसिंगचा खरा फायदा दिसतो. तयार पोर्टेबल एसएसडी सीलबंद असते. काहींत यूएसबीचं भोक आणि स्मृतीच्या चिप एकाच बोर्डावर झाळलेल्या असतात. भोक गेलं की डेटा आत अडकतो आणि तो काढायला मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जावं लागतं. केसिंगचं भोक गेलं, चिप गेली, तर चार स्क्रू काढायचे, एसएसडी नव्या पेटीत सरकवायची, संपलं. जे आधी बिघडणार तेच स्वस्तात बदलता येतं. उलट बाजूही सांगायला हवी. काही तयार एसएसडींना धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी ६५ मानांकन असतं, तसं साध्या केसिंगला नसतं. रोज बोटीवरून, मोटरसायकलवरून न्यायची असेल तर तयार घ्यावी. टेबलावर डेस्कटॉपशेजारी राहणार असेल तर केसिंग.

पेटी बदलताना एक धोका आहे. काही जुन्या केसिंगच्या चिप एसएसडीवरच्या जागेचे तुकडे वेगळ्या मापाने मोजून संगणकाला दाखवतात. त्यामुळे एका पेटीत फॉरमॅट केलेली एसएसडी दुसऱ्या पेटीत कोरी वाटू शकते आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करायचं का? उत्तर ‘नाही’. आधी जुनी पेटी किंवा दुसरा संगणक वापरून पाहावा. हे बटण घाईत दाबून गेलेला डेटा चक्रीवादळात गेलेल्यापेक्षा कमी नसावा.

पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. एसीच्या खोलीतून बाहेर दमट हवेत आणली तर लगेच जोडू नये, थंड धातूवर पाणी सुटतं. थोडा वेळ तशीच राहू द्यावी.

ॲल्युमिनियमच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते आणि दोष पेटीला दिला जातो. तो पेटीचा नसतो. घराला किंवा त्या सॉकेटला नीट अर्थिंग नसलं की डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधून अगदी सूक्ष्म प्रवाह कॅबिनेटच्या धातूवर येतो आणि यूएसबीच्या वायरीतून पेटीच्या अंगावरही. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. प्लगची तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून काम भागवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

लाईट जाण्याचा संबंध फॉरमॅटशी येतो. नवी एसएसडी बहुधा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली जाते, कारण ती विंडोज, मॅक, टीव्ही, सगळीकडे चालते. पण एक्सफॅटमध्ये काय लिहायला घेतलं होतं याची नोंदवही नसते. लिहिता लिहिता लाईट गेली तर फाइलच नव्हे, फोल्डरची यादीही बिघडू शकते. एनटीएफएस अशी नोंद ठेवतं. पेटी फक्त विंडोजच्या डेस्कटॉपला लागणार असेल तर एनटीएफएसच घ्यावं. २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप लावतं, म्हणून ओढून काढली तरी सहसा काही होत नाही. तरीही ‘इजेक्ट’ करावं. आणि संगणकाला यूपीएस असावाच. तो काही मिनिटंच चालतो, पण तेवढ्यात कॉपी थांबवून संगणक बंद करता येतो.

जुन्या डेस्कटॉपवाल्यांसाठी केसिंगचा एक उपयोग मला इतर सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. नवी साटा एसएसडी आधी केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडायची, क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने आतली हार्ड डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवायची, मग एसएसडी कॅबिनेटच्या आत बसवायची आणि हार्ड डिस्क बाहेर काढायची. दहा मिनिटं सुरू व्हायला घेणारा संगणक मिनिटाच्या आत सुरू होतो. बाहेर आलेली हार्ड डिस्क आता दुसरी प्रत म्हणून कामाला येते. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की डेस्कटॉपची हार्ड डिस्क साडेतीन इंची असते, तिला १२ व्होल्ट लागतात आणि म्हणून ॲडॉप्टर असलेलं वेगळं केसिंग लागतं. एसएसडीचं केसिंग तिला पुरत नाही.

ऑनलाइन दिसणाऱ्या १६ टीबीच्या हजार-दोन हजारांतल्या एसएसडींबद्दल दोनच वाक्यं. त्या खोट्या असतात, आत छोटं मेमरी कार्ड घालून आकडा फुगवलेला असतो आणि खरी जागा भरल्यावर नवा डेटा जुन्यावर चढतो. कोणतीही नवी एसएसडी आली की एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावी आणि मगच तिच्यावर विश्वास टाकावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने. श्रीवर्धन आणि मुरूड तालुक्यांत छपरं उडाली, खांब पडले, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचं पाणी शिरलं. अशा दिवशी संगणक आणि त्याच्या शेजारची बॅकअपची पेटी एकाच टेबलावरून एकाच पाण्यात जातात. म्हणून पेट्या दोन हव्यात आणि दुसरी घरात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली त्यांत दिघीही आहे. बंदर वाढेल तशी इथली कार्यालयं आणि संगणकही वाढतील, पण वादळांची वाट तीच राहणार.

मात्र दुसरी पेटी कपाटात ठेवून वर्षानुवर्षं विसरू नये. एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू ओसरतो. आयुष्यभराचं लेखन संपवलेल्या साध्या एसएसडीने ३० अंशांत, वीज न देता, एक वर्ष डेटा सांभाळावा, अशी जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकते, पण उष्णतेने ती मुदत घटते आणि आपली कपाटं उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर जातात. दर काही महिन्यांनी ती जोडावी आणि नवा डेटा उतरवावा. लोकांचे आधार, सातबारा, दाखले ज्यांच्या संगणकावर असतात त्यांनी बाहेर जाणारी पेटी बिटलॉकरने किंवा व्हेराक्रिप्टने कुलूपबंद करावी आणि पासवर्ड पेटीला चिकटवू नये.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात. परत जाताना दुसरी पेटी त्यांच्याबरोबर द्या आणि पुढच्या खेपेला ती मागवून घ्या. पण द्यायच्या आधी ती शेजारच्या एखाद्या संगणकाला जोडा आणि तिच्यातल्या चार-दोन फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नये.